रोजचे काम आणि गेमिंग: घरच्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आणि इतकी वर्षे बिनतक्रार चाललेल्या पीसीचे आता काय करायचे, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. नवा संगणक घ्यावा, आहे त्यावर विंडोज ११ चढवावे, लिनक्स या मोफत सिस्टीमकडे वळावे की पैसे साठवून मॅक घ्यावा, असे चार रस्ते समोर दिसतात. यावर वाद बहुधा वेगावरून होतात, म्हणजे कोणत्या सिस्टीमवर किती फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावरची किती चित्रे, जास्त मिळतात यावरून. प्रत्यक्षात वेगाचा क्रमांक शेवटचा असतो. ज्या सॉफ्टवेअरवाचून काम अडते आणि जो गेम सोडवत नाही, तो त्या सिस्टीमवर मुळात चालतो का, हे आधी ठरते. म्हणून पुढील क्रम तपासणीचा आहे आणि सिस्टीमची निवड त्याच्या अखेरीस येते.

आधी दोन याद्या

कागदावर दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत घरातील प्रत्येकाचे संगणकावरील काम लिहावे आणि ते ब्राउझरमध्ये होते की वेगळे सॉफ्टवेअर लागते, हे त्यापुढे नोंदवावे. बँकेचे व्यवहार, ईमेल, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म, गूगल डॉक्स ही कामे कोणत्याही सिस्टीमवर सारखीच होतात, त्यामुळे त्यांचा निर्णयाशी फारसा संबंध नाही. अडचण उरलेल्या दोन-तीन नोंदींत असते. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनवलेले आहे. फोटोशॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या डेस्कटॉप आवृत्त्या विंडोज व मॅकवर मिळतात, लिनक्ससाठी मिळत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, कोणत्या सिस्टीमसाठी उपलब्ध आहे, हे त्या कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. घरात कोणी डीटीपी करत असेल आणि युनिकोडपूर्व फॉन्टांतील जुन्या फायली अजून उघडाव्या लागत असतील, तर ते फॉन्ट आणि त्यांचे कीबोर्ड बहुधा विंडोजलाच बांधलेले असतात. अशा घरात एक विंडोज यंत्र ठेवण्याला पर्याय नाही.

युनिकोड मराठी टायपिंगमुळे मात्र कोणतीही सिस्टीम बाद होत नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडल्यावर तिच्या पर्यायांत इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, मॅकवर देवनागरीचे कीबोर्ड तयार असतात आणि लिनक्समध्ये कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी शोधल्यास इनस्क्रिप्ट सापडते.

दुसरी यादी गेमची. तिचे दोन भाग करावेत: एकट्याने खेळायचे गेम आणि ऑनलाइन स्पर्धेचे गेम. ही विभागणी पुढे फार उपयोगी पडते.

यंत्राची तपासणी

विंडोजच्या स्टार्ट मेनूत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधून उघडावे. प्रोसेसरचे नाव, बायोस मोड (बायोस म्हणजे पीसी सुरू करणारी मदरबोर्डवरील प्रणाली) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना केवळ विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची) स्थिती एकाच पानावर दिसते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, पण लोक अडतात ते टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी यंत्रातील सोय), सिक्युअर बूट आणि प्रोसेसरची पिढी या अटींवर. इंटेलचे मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे साधारण रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर मान्य यादीत आहेत. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप हीच तपासणी करून थेट निकाल देते.

निकाल नकारार्थी आला तर तो कशामुळे, हे वाचावे. असेंबल केलेल्या अनेक पीसींमध्ये टीपीएमची सोय असते पण ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ती ‘पीटीटी’ या नावाने आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. ती चालू करताच टीपीएमची अट पूर्ण होते, आणि यासाठी दुकानदाराने नवा मदरबोर्ड सुचवला तर तो अर्थातच घेऊ नये. बायोस मोडपुढे ‘लेगसी’, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत, लिहिलेले असेल तर आधी डिस्कची रचना बदलावी लागते आणि ते काम बॅकअप घेतल्याशिवाय करू नये. प्रोसेसरच जुना असेल, तर मात्र अधिकृत मार्ग संपला. ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सापडतात, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पुढील विवेचनासाठी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू: सातव्या पिढीचा कोअर आय५, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. आपल्याकडे गेमिंगसाठी असेंबल केलेल्या पीसींमध्ये ही जोडी एके काळी सर्रास दिसे. या पीसीला विंडोज ११ नाकारते. विंडोज १० वरच राहायचे तर मायक्रोसॉफ्टच्या विस्तारित सुरक्षा अपडेट योजनेत नाव नोंदवावे लागते, आणि घरगुती ग्राहकांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. शिवाय एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमना अनुसरून ड्रायव्हर काढणेही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून आता केवळ सुरक्षेपुरते ड्रायव्हर येतात. म्हणजे या यंत्रावर पुढेही जुनेच गेम खेळले जाणार आहेत, हे गृहीत धरून निर्णय घ्यावा.

गेमची यादी तपासणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. विंडोजवर जवळपास सर्व काही चालते, तेव्हा खरी तपासणी लिनक्स आणि मॅकपुरती आहे.

लिनक्सवर विंडोजचे गेम चालतात ते प्रामुख्याने प्रोटॉनमुळे. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ते स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानाच्या ॲपमध्ये आणले. गेम विंडोजच्या भाषेत जी मागणी करतो, ती प्रोटॉन दुभाष्यासारखे लिनक्सला समजेल अशी करून देते आणि डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीच्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन प्रणालीत बदलते. २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र याच पद्धतीवर चालत असल्याने प्रोटॉनवर सतत काम होत राहिले. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर गेमचे नाव टाकले की खेळणाऱ्यांच्या नोंदींवरून ठरलेली श्रेणी दिसते. प्लॅटिनम आणि गोल्ड असल्यास निश्चिंत राहावे, सिल्व्हर असल्यास नोंदी वाचून मग ठरवावे आणि ब्राँझ किंवा बोर्क्ड असल्यास तो गेम लिनक्ससाठी यादीतून खोडावा. केवळ श्रेणीवर न थांबता आपल्यासारखेच ग्राफिक्स कार्ड असलेल्यांच्या अलीकडच्या नोंदी वाचाव्यात, कारण दोन वर्षांपूर्वीची तक्रार आज लागू असेलच असे नाही.

एकट्याने खेळायच्या गेमचा प्रश्न येथे बहुतेक सुटतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेल्या ‘राजी’सारख्या गेमला कोणाशी स्पर्धा नाही, त्यामुळे फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेचीही गरज नाही. ही यंत्रणा, म्हणजे अँटी-चीट, हाच ऑनलाइन गेमच्या बाबतीतला खरा अडथळा आहे. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या पातळीवर, काम करते. लिनक्सवर तिला जागाच नाही, आणि विंडोज ११ वर तर ती टीपीएम व सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय गेम उघडू देत नाही. फोर्टनाइट, पबजीची पीसी आवृत्ती आणि कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग लिनक्सवर चालत नाहीत. यात गोम अशी की ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही यंत्रणा २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण तशी परवानगी गेम बनवणाऱ्या कंपनीने द्यावी लागते, आणि दिलेली परवानगी परतही घेतली जाते. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर उत्तम चालत असे, तो ऑक्टोबर २०२४ अखेर बंद करण्यात आला. जीटीए ५ चा कथाभाग आजही चालतो, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय जोडल्यापासून त्याचा ऑनलाइन भाग चालत नाही. तेव्हा ऑनलाइन गेम आज लिनक्सवर चालतो एवढ्या भरवशावर विंडोज पुसून टाकू नये. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम असल्याने त्यांच्या लिनक्स आवृत्त्या अधिकृत आहेत आणि त्यांची चिंता त्या मानाने कमी आहे.

मॅकची बाजू थोडक्यात सांगता येते. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची स्वतःची एम१ चिप आल्यापासून मॅकबुक रोजच्या कामासाठी, बॅटरीसाठी आणि शांतपणासाठी उत्कृष्ट झाले आहे, आणि बाल्डर्स गेट ३ किंवा सायबरपंक २०७७ सारखे मोठे गेमही त्याच्यासाठी आले. पण गेमसाठी मॅक घ्यावा असा सल्ला मी कोणाला देणार नाही. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट गेम एकदम बाद केले, काउंटर-स्ट्राइक २ मॅकसाठी आलाच नाही आणि ॲपलच्या चिपवर बूट कॅम्पने विंडोज टाकण्याची सोय राहिली नाही. शिवाय रॅम नंतर वाढवता येत नाही, ती खरेदीच्या वेळीच पुरेशी घ्यावी लागते. जुना इंटेल मॅक स्वस्तात मिळत असेल तरी हे ध्यानात ठेवावे की मॅकओएस २६ ही इंटेलसाठीची शेवटची आवृत्ती आहे.

पेन ड्राइव्हवरून लिनक्सची चाचणी

आपल्या नमुना पीसीसाठी, आणि यादीत व्हॅलोरंटसारखे नाव नसेल तर, लिनक्स हा गांभीर्याने विचार करण्याजोगा पर्याय आहे. नवशिक्याने लिनक्स मिंट घ्यावे. त्याची मांडणी विंडोजसारखी आहे आणि ४ जीबी रॅमवर ते सुखाने चालते. मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण सिस्टीमची एकत्र प्रत, उतरवावी, रिकाम्या ८ जीबी पेन ड्राइव्हवर रुफस किंवा बलेनाएचर या मोफत साधनाने ती चढवावी आणि पीसी सुरू होतानाच बूट मेनूची कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. ही कळ मदरबोर्डनुसार एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप असते. डेस्कटॉप थेट पेन ड्राइव्हवरून उघडतो आणि जोवर ‘इन्स्टॉल’चे चित्र दाबून पुढची संमती देत नाही, तोवर हार्ड डिस्कला हात लागत नाही.

या अवस्थेत वायफाय, आवाज, ब्लूटूथ, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासावे. प्रिंटरवर एक पान प्रत्यक्ष छापून पाहावे, कारण तो केवळ यादीत दिसणे पुरेसे नाही. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नेहमीच्या वर्ड आणि एक्सेल फायली उघडून तक्ते व पानांची मांडणी हलते का, हेही येथेच कळते. पेन ड्राइव्हवरून सर्व काही मंद वाटते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये.

सगळे जमले आणि मिंट डिस्कवर बसवले, की एनव्हिडियाचे कार्ड असलेल्यांनी प्रथम ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून कंपनीचा सुचवलेला ड्रायव्हर निवडावा, मग पीसी पुन्हा सुरू करावा. सिक्युअर बूट चालू असेल तर या वेळी एक पासवर्ड ठरवण्यास सांगितले जाते आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर तोच मागितला जातो. येथे गोंधळून पडदा ओलांडला तर ड्रायव्हर लागत नाही. त्यानंतर स्टीम बसवून सेटिंग्जमधील ‘कम्पॅटिबिलिटी’ विभागात प्रोटॉन सर्व गेमसाठी चालू आहे का, ते पाहावे. गेम पहिल्यांदा उघडताना ‘व्हल्कन शेडर’ (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्याची पट्टी काही मिनिटे सरकत राहते. गेम अडकला असे समजून तो बंद करू नये.

विकत घेण्याचा गेम चालेल की नाही अशी शंका असेल तर स्टीमच्या परताव्याच्या नियमाचा आधार घ्यावा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ २ तासांहून कमी असेल तर पैसे परत मागता येतात.

आता वेग

दोन्ही सिस्टीमवर गेम चालत असेल तेव्हाच वेगाची तुलना करावी. तोच गेम, तेच रिझोल्यूशन, तीच ग्राफिक्स सेटिंग आणि गेममधील तोच प्रसंग घ्यावा. विंडोजवर गेम बार आणि लिनक्सवर मँगोहड हे साधन फ्रेमचा आकडा पडद्यावर दाखवते. सरासरीइतकेच खालच्या टोकाच्या आकड्यांकडे लक्ष द्यावे, कारण खेळताना झटके जाणवतात ते त्यांच्यामुळे. पहिली फेरी सोडून द्यावी, त्या वेळी शेडर तयार होत असतात. एएमडीच्या कार्डांवर लिनक्स पुष्कळदा विंडोजच्या बरोबरीने चालते. एनव्हिडियाच्या कार्डांवर डायरेक्टएक्स १२ चे काही गेम लिनक्सवर जाणवण्याइतके मंद चालतात, त्यामुळे १०५० टीआयसारख्या कार्डावर डायरेक्टएक्स ११ चा पर्याय असेल तर तोच निवडावा.

दोन्ही ठेवायच्या असतील तर

यादीतील एकाच गेमपायी किंवा एकाच सॉफ्टवेअरपायी निर्णय अडला असेल तर दोन्ही सिस्टीम ठेवाव्यात, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या एसएसडींवर. लिनक्स बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवली तर चुकून ती पुसली जाण्याचा धोकाच उरत नाही. एकाच डिस्कवर विभागणी करायची असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी आणि विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू राहिले तर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या डिस्कवर फायली लिहिता येत नाहीत. डिस्कची जागा विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधूनच कमी करावी. जागा वाचवण्यासाठी विंडोजच्या डिस्कवरील स्टीमचे गेम लिनक्समधून चालवण्याचा मोह होतो, पण विंडोजच्या एनटीएफएस रचनेवर प्रोटॉन नीट चालत नाही. गेम लिनक्सच्या भागात वेगळे उतरवावेत. दोन सिस्टीमांमध्ये ये-जा सुरू झाली की विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसू शकते, कारण लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ मानते. विंडोजमधील ‘सिंक नाऊ’ ही कळ दाबली की त्या वेळेपुरते काम भागते, आणि कायमचा उपाय म्हणजे लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवण्यास सांगणे.