व्होल्ट-अँपिअरवरून रोध आणि वॅट: आकडे कुठून घ्यायचे

सूत्र शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, गुणलं की वॅट. घोळ होतो तो आकडे आणण्यात. अँपिअर पाणी तापवायच्या रॉडवर छापलेल्या पट्टीवरून घ्यायचे, व्होल्ट 'घरात २३० असतातच' म्हणून मनाने धरायचे आणि हिशेब जुळला नाही की मीटरला शिव्या घालायच्या, ही आपल्याकडची पद्धत.

मापं घेताना जमीन कोरडी हवी, पायात रबरी चप्पल हवी. पावसाळ्यात पडवीला ओल आली असेल तर हे काम नकोच. उघड्या टर्मिनलची सवय नसेल तर वायरमनला सोबत घ्या.

अँपिअर टोंगटेस्टरने, म्हणजे तारेभोवती जबडा अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने मोजा. त्याच्या जबड्यात एकच तार घ्यायची. अख्खी केबल घेतलीत तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना मारतात आणि काटा शून्यावर राहतो. मल्टिमीटरची पिन अँपिअरच्या भोकात घालून सॉकेटात खुपसायचा सल्ला कोणी दिला, तर त्याच्याकडून पुन्हा काही विचारू नका. तो सरळ शॉर्ट सर्किट आहे.

आता खरी मेख. व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळचे आणि एकाच जागचे हवेत, आणि ते उपकरण चालू असताना घेतलेले हवेत. रिकाम्या सॉकेटात मीटर २२५ दाखवेल, रॉड लावला की तोच आकडा खाली येईल. गुणाकार करायचा तो या खालच्या आकड्याचा. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज बसतं. तेव्हा दुपारचे व्होल्ट आणि संध्याकाळचे अँपिअर एकत्र केले तर उत्तर कशाचंच नसतं.

१५०० वॅटचा रॉड घ्या. २३० व्होल्टला तो साधारण ६.५ अँपिअर ओढतो, म्हणजे रोध सुमारे ३५ ओहम. हा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. म्हणून १९० व्होल्टला प्रवाह ५.४ अँपिअरवर उतरतो आणि वॅट उरतात जेमतेम १०२५. व्होल्ट सहाव्या हिश्शाने कमी झाले, पण वॅट तिसऱ्या हिश्शाने. वीस लिटरची बादली २० अंशांनी तापायला एकोणीस मिनिटांऐवजी सत्तावीस लागतात. रॉड बिघडलेला नसतो, उगाच नवा आणू नका.

हेच तंत्र विहिरीच्या वायरला लावा, कारण कोकणात जास्त घात तिथे होतो. घर रस्त्याला, विहीर खाली आगरात, मध्ये साठ मीटर वायर. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन १२० मीटर धरा, म्हणजे साधारण दीड ओहम. फक्त साठ मीटर धरून निम्मं उत्तर काढणारे वायरमनही मी पाहिलेत.

पंप बंद ठेवा आणि विहिरीवरच्या सॉकेटात बादलीत बुडवलेला रॉड लावा. पंप चालवून ही मापं घेऊ नयेत, मोटारीमुळे व्होल्टचा फरक नेमका येत नाही. एक माणूस घरच्या बोर्डावर, दुसरा विहिरीवर, फोन चालू ठेवून दोघांनी एकाच क्षणी आकडा वाचायचा. एकच मीटर घेऊन धावत जाणं फुकट आहे, कारण तेवढ्यात लाइनच पाच व्होल्टने हलते. दोन्ही मीटर आधी एकाच सॉकेटात लावून त्यांचा आपसातला फरक टिपून ठेवा. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच फरकाने. मग असेच चार-पाच वेळा वाचून सरासरी काढा.

समजा बोर्डावर २१७ आले, विहिरीवर २०५ आणि प्रवाह ५.८ अँपिअर. फरक १२ व्होल्ट, भागिले ५.८, म्हणजे दोन ओहमच्या वर. वायर स्वतः दीड ओहमची. वरचा अर्ध्या ओहमहून जास्तीचा रोध खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या सांध्यात आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले हा जास्तीचा रोध करा: सुमारे २० वॅट उष्णता, तीही बहुधा एकाच सांध्यात. म्हणजे टेपच्या आत एक छोटं सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास चालू ठेवल्यासारखंच. टेप काळी पडून चिकटली असेल तर शोध संपला. वरून नवी टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. मेन बंद करून सांधा कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा आणि बंद डब्यात टर्मिनलवर नीट आवळा.

राहिला पंप. त्याच्या व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराला वॅट म्हणू नका आणि भागाकाराला वाइंडिंगचा (मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांचा) रोध म्हणू नका, कारण मोटारीत प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. '१ एचपी म्हणजे ७४६ वॅट' हाही शाफ्टवरचा आकडा, वीज त्याहून जास्त लागते. खरे वॅट घरच्या मीटरवरून काढा. बाकी सगळं बंद ठेवून पंप चालवा आणि लाल दिव्याची उघडझाप मोजा. एका युनिटला किती उघडझापी, ते मीटरवर छापलेलं असतं. ते ३२०० असतील आणि ९ सेकंदांत १० झाल्या, तर १२५० वॅट. त्याच वेळी बोर्डावर २०८ व्होल्ट आणि ७ अँपिअर असतील तर गुणाकार १४५६ येतो. १२५० भागिले १४५६ म्हणजे ०.८६, हा पॉवर फॅक्टर. पंप चांगला चालत असताना तो एकदा काढून पंपाच्या पेटीवर लिहून ठेवा. पुढे तो बराच घसरलेला दिसला तर मोटार उघडण्याआधी कपॅसिटर तपासा.