बरणीतला प्राणी समपृष्ठरज्जू आहे का, हे कसं ओळखावं

स्पॉटिंगला, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत नमुना ओळखायला, मोजकी मिनिटं मिळतात, आणि मुलं ती पृष्ठरज्जू (समपृष्ठरज्जू प्राण्यांच्या पाठीतली आधाराची दांडी) शोधण्यात घालवतात. मी उलट सांगते: आधी गुदद्वार शोधा; त्याच्या मागे शेपूट उरत असेल, तर ती समपृष्ठरज्जूंची खूण.

अ‍ॅम्फिऑक्सस या माशासारख्या छोट्या सागरी प्राण्याची डब्ल्यू.एम. (अख्ख्या प्राण्याची) स्लाइड लो पॉवरखाली घ्या. दोन्ही टोकं अणकुचीदार, मग डोकं कुठलं? स्नायूंच्या पट्ट्या ‘<’ अशा आकाराच्या असतात. त्यांची टोकं रोखलेली ती बाजू डोक्याची. आता पोटाकडून मागे या. पहिलं भोक लागेल ते अ‍ॅट्रिओपोर (कल्ल्यांतून आलेलं पाणी बाहेर सोडणारं छिद्र), त्यालाच गुदद्वार समजून अर्धा वर्ग फसतो. खरं गुदद्वार आणखी मागे, शेपटीच्या पराजवळ. त्याच्याही मागे शरीर उरतं, तेच गुदोत्तर पुच्छ. गांडुळाचं गुदद्वार अगदी टोकाला असतं, मागे काही उरत नाही.

मग टी.एस. (आडव्या छेदाची स्लाइड) लावा आणि वरून खाली मोजा: चेतारज्जू (मज्जासंस्थेची दोरी), त्याखाली जाडजूड पृष्ठरज्जू, त्याखाली अन्ननलिका. चेतारज्जूत बारीक पोकळी दिसलीच पाहिजे. झुरळात तो भरीव आणि पोटाकडे असतो. डब्ल्यू.एम.मध्ये काळ्या ठिपक्यांची रांग दिसते ती चेतारज्जूची. तो पुढे आधीच संपतो, पृष्ठरज्जू मात्र थेट नाकाडापर्यंत जातो.

हर्डमानिया हा खडकाला चिकटून राहणारा सागरी प्राणी म्हणजे दोन तोंडांचा बटाटा. प्रौढात ना पृष्ठरज्जू, ना शेपूट; फक्त ग्रसनीतली (घशातली) कल्लाविदरे, म्हणजे कल्ल्यांच्या फटी. म्हणून उत्तरात डिंभकाची (अळीसारख्या बालावस्थेची) आकृती काढाच, मी तिला गुण देते. त्याच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो. प्राणिशास्त्रज्ञ कोवालेव्हस्की यांनी १८६६ साली अ‍ॅसिडियनची (हर्डमानियासारख्या प्राण्यांची) वाढ उलगडून दाखवली. त्याआधी हे प्राणी मृदुकायांत (गोगलगाय-शिंपल्यांच्या संघात) मोजले जायचे. डिंभक थोडा वेळ पोहतो, डोक्याकडून खडकाला चिकटतो आणि शेपूट शोषून घेतो. कणा नसलेल्यांत अ‍ॅम्फिऑक्सस आपला सर्वात जवळचा नातलग, असं अजून घोकलं जातं. २००६ साली जनुकांच्या तुलनेतून तो मान हर्डमानियाच्या गटाकडे गेला.

बॅलॅनोग्लॉसस या कृमीसारख्या सागरी प्राण्याला सोंड, कॉलर आणि धड. कल्लाविदरे आहेत, म्हणून त्याला समपृष्ठरज्जू म्हणायची घाई नको. सोंडेतल्या दांडीला प्राणिशास्त्रज्ञ बेटसन यांनी १८८०च्या दशकात पृष्ठरज्जू मानलं होतं. ती मुखगुहेचीच वाढ, आज तिला स्टोमोकॉर्ड म्हणतात. गुदद्वार पाहा: अगदी टोकाला. शिवाय टॉर्नेरिया डिंभक तारामाशाच्या डिंभकासारखा. म्हणून त्याचा गट हेमिकॉर्डाटा हा स्वतंत्र संघ लिहा. सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेला ‘समपृष्ठरज्जूंचा उपसंघ’ मी सरळ कापते.