ऑस्ट्रेलियन फॅमिली सिटकॉम कसे बघायचे आणि कुठे थांबायचं

अमेरिकन सिटकॉमची सवय असेल तर आधी ती जरा बाजूला ठेवा. तिथे एपिसोड संपायच्या आत सगळे गळ्यात गळे घालतात, इथे मुलगी आईला टोमणा मारते, आई सव्वाशेर निघते, आणि संपलं. घरातली माणसं एकमेकांशी किती क्षुद्र वागू शकतात हाच यांचा सगळा माल, आवडलं तर त्यासाठीच आवडतं आणि कंटाळा आला तर तोही त्याचाच येतो.

सुरुवात 'मदर अँड सन'पासून करा. १९८४ ते १९९४ एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वाहिनीवर होती, एकूण ४२ एपिसोड. आर्थरचा घटस्फोट झालाय, तो आईकडे राहतोय, आई मॅगी सगळं विसरते, पण नेमकं काय विसरलं की आपला फायदा आहे हे बाईंना पक्कं ठाऊक असावं अशी शंका सारखी येत राहते. दुसरा मुलगा रॉबर्ट डेंटिस्ट, तो येतो, गोड बोलतो, निघून जातो, आणि आई लाडका मानते त्यालाच!! मॅगी झालेल्या रूथ क्रॅकनेलचा नुसता निरागस चेहरा बघा, आर्थर झालेल्या गॅरी मॅकडॉनल्डचा जीव कसा मेटाकुटीला येतो ते बघा. फक्त रोज एकच लावा, लागोपाठ चार बघितले तर तीच कोंडी परत परत येते आणि हसू आटतं. २०२३ मध्ये याचा नवा अवतार आलाय, तो जुना बघून झाल्यावर.

मग 'कॅथ अँड किम' (२००२ पासून). सबटायटल्स चालू ठेवा, लाजू नका, या मायलेकी मोठमोठे शब्द चुकीचे वापरतात आणि उच्चारही असे की अर्धे जोक कानावरून जातात. मागून हशा नाही, त्यामुळे कुठे हसायचं ते तुमचं तुम्ही बघा. मेलबर्नचं एक काल्पनिक उपनगर, किम नवऱ्याला सोडून माहेरी आलीये, आईला स्वतःचं लग्न उरकायचंय खाटीक केलशी, आणि किमची मैत्रीण, बिचारी शॅरन, सगळ्यांची हमाली करते. पहिल्या दोन एपिसोडमध्ये काहीच घडत नाहीये असं वाटेल, कारण खरंच काही घडत नाही, तरी थांबा.

यावर आक्षेप असतो की शिकलेल्या लोकांनी उपनगरातल्या साध्या बायकांची टर उडवलीये. थोडं खरं आहे. पण कॅथ आणि किम झालेल्या त्याच दोन अभिनेत्री, जेन टर्नर आणि जीना रायली, दुकानातल्या प्रू आणि ट्रूड या नाकाने बोलणाऱ्या श्रीमंत बायकाही करतात आणि त्यांना जास्त सोलतात, त्यामुळे मला तरी हिशोब बरोबर वाटतो. २००८ चं अमेरिकन व्हर्जन मात्र सोडा, एका सीझनमध्ये गुंडाळलं. मूळ किम घट्ट कपडे घालून स्वतःला अप्सरा समजते, तिकडे त्यांनी खरोखरच सुंदर नटी घेतली, मग हसायचं कशावर?

जुन्यात जपून शिरा. 'किंग्सवुड कंट्री' (१९८०-८४) मधला टेड बुलपिट स्वतःच्या गाडीवर जीव टाकतो आणि इटालियन जावयाला घालूनपाडून बोलतो. हसायचं टेडवर आहे हे कळतं, पण शिव्या त्या शिव्याच, नमुना म्हणून एखादा एपिसोड पुरे. 'हे डॅड'मधला बाप झालेला रॉबर्ट ह्यूज २०१४ मध्ये लहान मुलींच्या लैंगिक शोषणात दोषी ठरला, त्यामुळे ती मालिका मी सुचवणार नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे कितीतरी वर्षं ही घरं गोऱ्यांचीच, बाकीचे आले तरी जावई किंवा शेजारी म्हणून. म्हणून 'द फॅमिली लॉ' (एसबीएस ही तिथली दुसरी सरकारी वाहिनी, २०१६-१९) मुद्दाम बघा, क्वीन्सलँडमधलं चिनी वंशाचं कुटुंब, आईबाप वेगळे होतायत, आणि आई जेनी कोणालाही कधीही आपल्या बाळंतपणाच्या कहाण्या ऐकवते.

वेळच नसेल तर 'अ मूडी ख्रिसमस' (२०१२), सहा एपिसोड, प्रत्येक एपिसोड म्हणजे पुढच्या वर्षीचा ख्रिसमस, भर उन्हाळ्यात घामाघूम, तेच नातेवाईक, तीच भांडणं. एका वीकेंडला होतं.

आणि 'कॅथ अँड किम'चा २०१२ चा सिनेमा राहू द्या. तिघींना उचलून इटलीतल्या एका काल्पनिक राज्यात नेऊन ठेवलंय, राजा काय, राजवाडा काय, घरातली कुरकुर पार हरवून जाते. त्यापेक्षा पहिला सीझन परत लावा.