महिनाभर वाचलं आणि एकही कादंबरी आवडली नाही? या चुका टाळा

मार्चमध्ये मी पाच कादंबऱ्या हातात घेतल्या. तीन अर्धवट सोडल्या, दोन नेटाने संपवल्या, आणि महिना संपला तेव्हा यातली एकही मैत्रिणीच्या हातात देऊन "हे वाचच" म्हणावं अशी नव्हती. मला खरंच वाईट वाटलं, कारण मी शाळेपासून वाचतेय, आणि आता मोबाईलमुळे आपलं वाचनच संपलं की काय अशी भीती वाटायला लागली. तसं काही नव्हतं, वाचन शाबूत होतं, पुस्तकं निवडताना मी चुका करत होते. तुमचाही असा एखादा कोरडा महिना गेला असेल तर हे वाचा, बहुतेक यातली एखादी चूक तुमच्याकडूनही होत असणार.

"मला ऐतिहासिक आवडतं" असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आठवीत असताना मी 'मृत्युंजय' वाचली होती, सुट्टीत, दुपारी पंख्याखाली पालथं पडून, आणि नंतर कित्येक दिवस कर्ण डोक्यातून जात नव्हता. तेव्हापासून मी स्वतःला सांगत आले की आपल्याला ऐतिहासिक-पौराणिक आवडतं, म्हणून मार्चमधल्या पाचपैकी तीन त्याच कपाटातल्या आणल्या आणि तिन्ही अडकल्या.

आमच्या वाचनालयातल्या काकांना परत करताना मी म्हटलं, काका यातलं काहीच नाही आवडलं. त्यांनी का म्हणून विचारलंच नाही, फक्त म्हणाले, "कुठल्या पानावर सोडलंस गं?" माझी सवय अशी की जिथे थांबते तिथे लोकलचं तिकीट नाहीतर किराणाचं बिल घालून ठेवते, आणि ती अजून आतच होती. काकांनी तिन्ही पुस्तकं काउंटरवर शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि मला ती पानं तिथेच पुन्हा वाचायला लावली. पहिल्यात दीड पान सैन्याच्या तयारीचं वर्णन, दुसऱ्यात लेखक राज्याची परिस्थिती समजावून सांगतोय, तिसऱ्यात एका बाईच्या मनात काय चाललंय ते लेखकच सांगतोय, ती स्वतः तोंडच उघडत नाही. तीनही ठिकाणी माणसं बोलायची थांबली होती आणि वरून कुणीतरी माहिती देत होतं.

मग काकांनी विचारलं, "आणि 'मृत्युंजय'मध्ये काय आवडलं होतं?" तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की शिवाजी सावंतांची ती १९६७ सालची कादंबरी वेगवेगळी पात्रं 'मी' म्हणून सांगतात, कर्ण सांगतो, कुंती सांगते, दुर्योधन सांगतो, वृषाली, शोण, कृष्ण, प्रत्येकजण आपल्या तोंडाने आपली बाजू मांडतो. म्हणजे मला महाभारत आवडलं होतंच, पण त्याहून जास्त ते 'मी' आवडलं होतं. कुणीतरी आपल्यासमोर बसून स्वतःचं सांगतंय हे. इतकी वर्षं मी चुकीच्या कपाटासमोर उभी राहत होते.

तर उपाय हा. आत्तापर्यंत मनापासून आवडलेली तीन-चार पुस्तकं आठवा आणि विषय बाजूला ठेवून बघा की गोष्ट सांगतंय कोण, माणसं किती आहेत, बोलतात किती, जागा एकच आहे की सारखी बदलते, काळ एका दिवसाचा आहे की चाळीस वर्षांचा. माझी यादी केली तर 'मृत्युंजय'च्या शेजारी मिलिंद बोकीलांची 'शाळा' निघाली. एक पौराणिक, एक नववीतल्या मुलाची, वाचनालयात दोघींची कपाटं वेगळी, आणि दोन्हीकडे सांगणारा 'मी'च. कपाटावरची पाटी बघून हे कळलंच नसतं.

पुरस्कार बघून पुस्तक आणणं

पुरस्काराला कमी लेखत नाहीये, पण त्यावरून आपल्याला काय आवडेल हे कळत नाही. मराठीत ज्ञानपीठ चौघांना मिळालं, १९७४ ला वि. स. खांडेकर, १९८७ ला कुसुमाग्रज, २००३ ला विंदा करंदीकर आणि २०१४ ला भालचंद्र नेमाडे. यात कुसुमाग्रज आणि विंदा आपल्याला मुख्यतः कवी म्हणून माहीत, आणि खांडेकर आणि नेमाडे दोघं कादंबरीकार असले तरी एकाची भाषा आवडली म्हणून दुसऱ्याची आवडेलच असं काहीच नाही. आता मी एवढंच करते, मधलं कुठलंतरी पान उघडते, दोन पानं तिथेच उभ्या उभ्या वाचते आणि तिसरं पान उलटावंसं वाटलं तरच घेते. पहिलं पान वाचून ठरवू नका, पहिल्या पानावर सगळेच मेहनत घेतात.

चुकीच्या महिन्यात जाड पुस्तक

मी अकाउंट्सला आहे, मार्च एंडिंगला रात्री साडेनऊला घरी येते, आणि अशा महिन्यात मी सहाशे पानांची कादंबरी आणली. रोज चार पानं, मग तीन दिवस काहीच नाही, मग परत उघडलं की हा माणूस कुणाचा मेहुणा तेच आठवत नाही, मागे जाऊन शोधायचं, तोपर्यंत डोळे मिटतात. ते पुस्तक चांगलं होतं की वाईट हे मी आजही सांगू शकत नाही, कारण मी ते वाचलंच नाही, मी ते फक्त उघडत होते आणि मिटत होते. अशा दिवसांत कथासंग्रह घ्या नाहीतर दोन-तीन बैठकीत संपेल अशी छोटी कादंबरी. आणि अर्धवट राहिलेल्या जाड पुस्तकावर 'आवडलं नाही' असा शिक्का मारू नका, वहीत 'वेळ चुकली' असं लिहा, सुट्टीत परत आणा.

ही वही खरंच ठेवा. पुस्तक सोडलं की तीनपैकी एक लिहायचं, पुस्तक जमलेलं नाही, पुस्तक ठीक आहे पण माझं नाही, किंवा वेळ चुकली. शेजारी पान नंबर आणि तिथे काय चाललं होतं ते एका ओळीत. पाच-सहा पुस्तकं झाली की आपली आवड आपोआप दिसायला लागते. सुरुवातीला सगळीकडे पहिलंच कारण लिहावंसं वाटतं, तेव्हा जरा थांबून विचार करा, माझी निम्मी पुस्तकं नंतर दुसऱ्या कारणात गेली.

अनुवाद फसला आणि लेखकाला दोष दिला

पाचातली एक अनुवादित होती. सगळे म्हणत होते अप्रतिम आहे, मला मात्र पात्रं लाकडी वाटत होती. मग एक संवाद मोठ्याने वाचून बघितला आणि लक्षात आलं की अशी वाक्यं कुठल्याच मराठी घरात कुणी बोलत नाही, बायको नवऱ्याला चहा विचारतेय तेही ऑफिसच्या पत्रासारखं. अनुवाद घेताना नेहमी संवादाचं पान काढा आणि ओठ हलवून वाचा. जीभ अडखळली तर दुसऱ्या कुणाचा अनुवाद मिळतोय का बघा, किंवा हिंदी-इंग्रजी जमत असेल तर तिथे वाचा. मराठीत सुंदर अनुवाद भरपूर आहेत, म्हणूनच अनुवादकाचं नाव लक्षात ठेवायची सवय लावा.

एवढी पुस्तकं वाचायचीच असा आकडा धरणं

महिन्याला पाच हा माझाच आकडा होता, आणि त्याच्यापायी न आवडणारी दोन पुस्तकं मी शेवटपर्यंत ओढली. तेवढ्या वेळात दुसरं एखादं मनासारखं वाचून झालं असतं. पन्नास पानं द्या, मन लागलं नाही तर सोडा. ऑडिओचंही तेच, दीडपट स्पीडवर भांडी घासताना ऐकलेली कादंबरी 'वाचली' म्हणून यादीत चढवू नका, वर्णनं सगळी वाहून जातात आणि मग आपण म्हणतो यात काही दमच नव्हता.

नव्या लेखकावर एकदम कादंबरीचा खर्च

आवड शोधायची तर आपल्याकडे दिवाळी अंकासारखी दुसरी सोय नाही. का. र. मित्रांनी १९०९ ला 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. एकेका अंकात अनेक लेखकांच्या कथा असतात, वाचनालयात मागच्या वर्षांचे गठ्ठे पडलेले असतात आणि ते फारसं कुणी मागतही नाही. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन जुने अंक आणले, न आवडलेल्या कथा दुसऱ्या पानावर सोडल्या, आवडलेल्या लेखकांची नावं वहीत उतरवली. सहा नावं मिळाली, त्यातली चार मी आधी कधी ऐकलीसुद्धा नव्हती.

अंक परत द्यायला गेले तेव्हा काकांनी माझी वही मागून घेतली, चष्मा वर करून वाचली आणि आतून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढून दिली. १९५५ ची, छोटीशी. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि तोच आपल्याला सगळं सांगतो. मुलं मेंढरांमागे, शाळेत कुणी नाही, मग हळूहळू वाडी त्याला आपला मानायला लागते, सगळे मिळून तालीम बांधतात, आणि मग दुष्काळ येतो. त्या वाडीत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, धनगरांचं आयुष्य मला काडीचं माहीत नव्हतं, ग्रामीण कादंबरी आपल्यासाठी नाही असंही मी कुठेतरी ठरवून टाकलं होतं. पण मास्तर 'मी' म्हणून बोलायला लागला आणि मी त्याच्याबरोबर चालायला लागले. ठाण्याला उतरायचं होतं ते कळव्याला उतरले, उलट गाडी पकडली आणि तीत उभ्यानेच पुढचं पान काढलं.

आता नेमाडेंची 'कोसला' आणायची आहे. त्यातला नायक पांडुरंग सांगवीकरही 'मी' म्हणूनच बोलतो असं काका म्हणाले, पण त्याचा 'मी' मास्तरापेक्षा फार वेगळा आहे, पन्नास पानं झाली की येऊन सांग.