दाढ ठणकतेय? लवंगेचं तेल किती आणि कसं लावायचं

नाशिकमध्ये मेन रोड किंवा रविवार कारंजाकडच्या दुकानांत ‘लवंग तेल’ मागितलं, तर दोन वेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही हातात पडू शकते. एक म्हणजे लवंगा टाकून तापवलेलं तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल. दुसरं वाफेवर काढलेलं अर्क तेल. त्यात युजेनॉल या मुख्य घटकाचं प्रमाण साधारण 70 ते 90 टक्के असतं आणि इथे लिहिलेली सगळी मापं या दुसऱ्या तेलाची आहेत. लेबलवर ‘क्लोव्ह बड ऑइल’ आहे ना, ते पाहून घ्या. शंका असली तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन थेंब टाका आणि हलकं ढवळा. अर्क तेल पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी जातं, खाद्यतेल मात्र वर तरंगतं. एवढ्यावरून ते शुद्ध ठरत नाही, पण साधं तेल अर्क म्हणून माथी मारलं असेल तर कळतं.

युजेनॉल नस बधिर करतं, त्यामुळे ठणका थांबतो. कीड मात्र तिथेच राहते. डेंटिस्टकडे जाईपर्यंतचा वेळ निभावण्यापुरताच याचा उपयोग.

स्टीलच्या चमच्यात 5 मिली खोबरेल घ्या आणि त्यात अर्काचा 1 थेंब टाका. फार तर 2. थंडीत नाशिकला खोबरेल गोठतं. तेव्हा बाटली कोमट पाण्यात धरून ते पातळ करा, कारण गोठलेल्या तेलात अर्क नीट मिसळत नाही आणि एकाच जागी साचून चटका देतो. चमचा प्लास्टिकचा नको, युजेनॉल काही प्रकारचं प्लास्टिक विरघळवतं. गुळण्या करून दाढेत अडकलेलं अन्न काढा. कापसाचा मुगाएवढा बोळा तेलात बुडवून घट्ट पिळा आणि चिमट्याने थेट दुखऱ्या दाढेवर ठेवा. दहा मिनिटांनी काढा, लाळ थुंका, चूळ भरा. दिवसातून दोन-तीनदा पुरे, आणि तेही एक-दोन दिवसच.

सर्वाधिक चुका होतात त्या नेमक्या इथेच. बोळा न पिळता ठेवला की तेल हिरडीवर आणि जिभेवर ओघळतं. अर्क तसाच लावला तर हिरडी पांढरी पडून सोलते. बधिर झाल्यामुळे ते आधी जाणवत नाही, आग नंतर सुरू होते. बोळा तोंडात ठेवून झोपणं तर अजिबात नको, तो घशात जाऊ शकतो. अर्क जवळ नसेल तर अख्खी लवंग दाढेपाशी धरून हलकेच चावणं जास्त सुरक्षित. डेंटिस्टकडे गेल्यावर हे तेल लावल्याचं सांगा, कारण युजेनॉलमुळे दातांच्या रंगाचं फिलिंग नीट घट्ट होत नाही.

अंग दुखतं म्हणून चोळायचं असेल तर प्रमाण आणखी कमी: 10 मिली तेलात 1 थेंब, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. आग झाली तर नुसतं पाणी ओतू नका, त्याने हे तेल निघत नाही. आधी खाद्यतेलाने पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धूत राहा. सर्दीसाठी वाफेच्या पाण्यात हा अर्क टाकू नये, डोळे आणि नाक दोन्ही जळजळतात.

लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी हे तेल टाळावं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. घरात मांजर असेल तर तिच्यापासूनही दूर ठेवा.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर तेल बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पंचवटीतल्या के.बी.एच. डेंटल कॉलेजमध्येही दात दाखवता येतात, पण श्वास किंवा गिळणं अडत असेल तर थेट मोठं रुग्णालय.

बाटली कुलपात ठेवा, कफ सिरपच्या शेजारी तर नकोच. 5 ते 10 मिली अर्क पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आले, ती बेशुद्ध झाली, त्यांचं यकृत बिघडलं, अशा नोंदी आहेत. मुलाने तेल प्यायलं तर उलटी करवू नका, तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. तोंड पुसा, 108 ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं कोणतंही मोठं रुग्णालय गाठा. मूल खेळतंय, बरं दिसतंय म्हणून थांबू नका. यकृताचा त्रास काही तासांनी दिसू लागतो.