विकासाच्या नावाखाली हक्कांना कात्री: अभ्यास करताना आणि लिहिताना या चुका टाळा

मानवी हक्क, विकास आणि गुन्हेशास्त्र यांची सांगड घालणाऱ्या लिखाणात काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. बहुतेक चुका थोड्या काळजीने सुधारता येतात. एक मात्र साऱ्या मांडणीच्या मुळावर येते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

ती चूक म्हणजे विकासाचा हक्क सरकारचा आहे असं धरून चालणं. मग ‘आधी विकास होऊ द्या, हक्कांचं नंतर बघू’ हा युक्तिवाद आपोआप पुढे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1986 मध्ये मंजूर केलेला विकासाच्या हक्काचा जाहीरनामा नेमकं उलट सांगतो. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार विकासाच्या केंद्रस्थानी माणूस आहे; विकासात भाग घेणारा आणि त्याचा लाभ मिळवणाराही तोच. 1993 च्या व्हिएन्ना इथल्या जागतिक मानवी हक्क परिषदेच्या जाहीरनाम्याने तर पळवाटच बंद केली: विकास झालेला नाही, हे कारण देऊन मान्य झालेल्या हक्कांवर गदा आणता येणार नाही.

केनियातल्या एन्डोरोइस समाजाचं प्रकरण इथे जरूर वाचा. अभयारण्यासाठी या लोकांना 1970 च्या दशकात बोगोरिया सरोवराकाठच्या त्यांच्या पिढीजात जमिनीवरून हटवलं गेलं. मानवी हक्कांसाठीच्या आफ्रिकी आयोगाने पुढे निर्णय दिला की, इतर हक्कांबरोबरच मानवी हक्कांच्या आफ्रिकी सनदेच्या (आफ्रिकी देशांमधल्या कराराच्या) 22 व्या कलमातला विकासाचा हक्कही डावलला गेला. त्या लोकांशी खरा सल्लामसलतीचा व्यवहार झाला नव्हता आणि लाभात त्यांना रास्त वाटाही मिळाला नव्हता. कुठल्याही प्रकल्पाबद्दल लिहिताना हेच दोन प्रश्न धरून ठेवा: विचारलं कोणाला, आणि मिळालं कोणाला? माझ्या मते, यांची उत्तरं नसलेला लेख विकासावरचा असू शकेल, विकासाच्या हक्कावरचा नाही.

इथेच दुसरी गफलत होते, जाहीरनामा आणि करार एकच समजण्याची. 1986 चा जाहीरनामा हा करार नव्हे. आफ्रिकी सनद मात्र तिच्या सदस्य देशांवर बंधनकारक आहे. 1948 चा मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामाही करार म्हणून मंजूर झाला नव्हता. 1966 चे दोन करार (एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा) 1976 मध्ये अमलात आले आणि मान्यता देणाऱ्या देशांना ते बांधतात. तरीही ‘जाहीरनामा म्हणजे नुसता कागद’ असं लिहू नका. छळबंदीसारखे नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचाच, म्हणजे देशांच्या प्रथेतून बंधनकारक झालेल्या नियमांचाच, भाग आहेत. एखाद्या देशावर करारभंगाचा ठपका ठेवण्याआधी त्याने करार मान्य केला आहे का आणि कोणती आरक्षणं (करारातली अमुक तरतूद आपल्याला लागू नाही, अशा अटी) नोंदवली आहेत, हे तपासा.

आर्थिक, सामाजिक हक्क ‘टप्प्याटप्प्याने’ पूर्ण करायचे, याचा अर्थ सवडीने असा घेतला जातो. तो चूक आहे. भेदभाव न करण्याचं बंधन पहिल्या दिवसापासून लागू असतं, आणि पावलं उचलायला सुरुवात करण्याचंही.

हेगमधल्या दोन न्यायालयांचीही सरमिसळ नको: आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशांमधले वाद चालतात, तर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात व्यक्तींवर खटले.

गुन्हेशास्त्राकडे वळलं की आकडे घात करतात. पोलिसांकडे नोंदवलेले गुन्हे म्हणजे घडलेले गुन्हे नव्हेत. पोलिसांवरचा विश्वास वाढला, तक्रार करणं सोपं झालं, की नोंदी वाढतात. त्यावरून समाज बिघडला असा निष्कर्ष काढता येत नाही. देशादेशांची तुलना करायचीच असेल तर खुनांचे आकडे त्यातल्या त्यात भरवशाचे. शिवाय पीडितांची सर्वेक्षणं, म्हणजे ‘तुमच्याबाबत गुन्हा घडला का’ असं थेट लोकांना विचारणारी पाहणी, जोडीला घ्या. ‘गरिबी म्हणजे गुन्हेगारी’ हे समीकरण तर फार अन्यायाचं. प्रतिष्ठितांच्या पांढरपेशा गुन्ह्यांकडे अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी 1939 मध्येच लक्ष वेधलं होतं. ज्या वस्तीत गस्त जास्त, तिथे अटकाही जास्त, हे विसरलं की संशोधनच गरिबांविरुद्ध साक्षीदार बनतं.

शेवटची चूक मानवी व्यापार आणि स्थलांतरितांची चोरटी वाहतूक एकच समजण्याची. दुसऱ्या गुन्ह्याचं सार पैशांसाठी कोणाला बेकायदा सीमा पार करवणं हे आहे. पहिल्याचं सार शोषणाचा हेतू. त्यासाठी सीमा ओलांडावी लागतेच असं नाही. मानवी व्यापाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2000 च्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार बळजबरी, फसवणूक यांसारखे मार्ग वापरले असतील तर पीडिताची संमती गैरलागू ठरते. अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत असे मार्ग सिद्ध करण्याचीही गरज नसते, म्हणून शोषणासाठी नेलेल्या मुलाबद्दल ‘तो स्वतःहून गेला’ हे वाक्य बचाव म्हणून लिहू नका.