अमेरिकी यादवीतल्या गव्हर्नरांच्या लष्करी तारा वाचताना या चुका टाळा

अमेरिकी यादवी युद्धातल्या (१८६१-६५, उत्तरेचे संघराज्य विरुद्ध त्यातून फुटलेली दक्षिणेची बंडखोर राज्ये) तारा, म्हणजे टेलिग्राम, आता घरबसल्या वाचता येतात. इंडियानाचे गव्हर्नर ऑलिव्हर मॉर्टन यांच्या तारांच्या वह्या स्कॅन होऊन सगळ्यांना खुल्या झाल्या आहेत. युद्धखात्याच्या तारकचेरीचे प्रमुख टॉमस एकर्ट यांच्या संग्रहातल्या सुमारे १६ हजार तारा हंटिंग्टन लायब्ररीत आहेत. शिवाय १८८० ते १९०१ या काळात सरकारने छापलेले कागदपत्रांचे १२८ ग्रंथ आहेतच. साधने हाताशी आली, पण वाचन मात्र वारंवार चुकते. तारेत शब्द थोडे असतात, म्हणून ती सोपी वाटते आणि लोक ती पत्रासारखी वाचतात. पत्र लिहिणाऱ्याच्या हातचे असते. तार चार-पाच हातांतून जाते, आणि प्रत्येक हात तिच्यात काही ना काही बदलतो.

'राज्यपाल' असा अनुवाद करू नका

मराठी अनुवादातली ही सर्वात महागात पडणारी चूक. आपल्याकडचा राज्यपाल नेमलेला असतो, अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर निवडून आलेला. राज्याची मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, त्याच्या हुकमात असे. स्वयंसेवक पलटणींतल्या कर्नलपर्यंतच्या अधिकाऱ्यांच्या सनदा तोच देई. जनरलच्या नेमणुका तेवढ्या राष्ट्राध्यक्षांकडे असत. हे ध्यानात नसेल, तर एखादा जनरल 'अमक्या कॅप्टनला मेजर करा' अशी तार गव्हर्नरला का करतो, हे उमगतच नाही. वाचणाऱ्याला ती वशिलेबाजी वाटते. बढती देण्याचा अधिकारच गव्हर्नरच्या हाती होता, म्हणून ती तार तिथे जाई. 'गव्हर्नर' हाच शब्द ठेवा.

गव्हर्नर कोणता, तेही पाहून घ्या. जून १८६१ नंतर 'व्हर्जिनियाचे गव्हर्नर' दोन होते: दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, जॉन लेचर आणि व्हीलिंगमध्ये संघराज्याच्या बाजूचे फ्रान्सिस पियरपाँट. टेनेसीत इशाम हॅरिस बंडखोरांच्या बाजूने गव्हर्नर होते, तर मार्च १८६२ पासून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी नेमलेले लष्करी गव्हर्नर अँड्र्यू जॉन्सन यांच्याकडे ब्रिगेडियर जनरलचा हुद्दाही होता. त्यांची तार गव्हर्नरची मानायची की लष्करी अधिकाऱ्याची, हे मजकूर पाहूनच ठरवावे लागते.

समोर आहे ती प्रत कोणती?

एकाच तारेच्या निदान चार प्रती संभवतात. पाठवणाऱ्याने किंवा त्याच्या कारकुनाने लिहिलेला मसुदा, पोचलेल्या टोकाला ऑपरेटरने उतरवलेली चिठ्ठी, कचेरीच्या वहीतली नक्कल, आणि पुढे छापलेला मजकूर. मॉर्टन यांच्या वहीत खाली 'ओ. पी. मॉर्टन' असे दिसले, तरी अक्षर कारकुनाचे असू शकते. पोचलेल्या चिठ्ठीवरचे अक्षर तर ऑपरेटरचेच. त्या अक्षरावरून 'जनरल घाबरलेला होता, हात थरथरत होता' असे निष्कर्ष काढलेले वाचले की वाईट वाटते. तो हात जनरलचा नसतोच.

छापील ग्रंथात विरामचिन्हे, परिच्छेद, स्पेलिंग सगळे नीटनेटके दिसते. ते बरेचसे संपादकांचे काम आहे. म्हणून स्वल्पविरामावर अर्थ तोलू नका. आणि अनुवादात रंग भरायला वाक्यामागे 'स्टॉप' घालू नका. ती सवय पुढच्या काळातली आहे, १८६० च्या दशकातली नव्हे.

शोधायचे कुठे, हा प्रश्नही इथेच मिटवून टाका. सरकारी छापील ग्रंथांच्या चार मालिका आहेत: लढायांच्या हालचाली पहिल्या मालिकेत, कैद्यांचे व्यवहार दुसरीत. सैन्यभरती आणि राज्यांच्या कोट्याबद्दलचा गव्हर्नरांशी झालेला बहुतेक व्यवहार तिसरीत सापडतो, दक्षिणेकडचा तसाच व्यवहार चौथीत. फक्त पहिली मालिका चाळून 'तार मिळाली नाही' असे लिहू नका.

घड्याळे जुळवल्याशिवाय क्रम लावू नका

अमेरिकेत रेल्वेची प्रमाणवेळ आली १८ नोव्हेंबर १८८३ ला. युद्धकाळात प्रत्येक शहर आपापल्या सूर्यावर चाले. हिशेब सोपा आहे: रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे. वॉशिंग्टन साधारण ७७ अंश पश्चिम, इंडियानापोलिस ८६. फरक ९ अंशांचा, म्हणजे ३६ मिनिटांचा. इंडियानापोलिसहून सकाळी १० ला निघालेली तार वॉशिंग्टनला १०.४० ला पोचली, तर वाटेत ४० मिनिटे गेली नाहीत, चारच गेली. उलट दिशेने उत्तर आले तर ते कागदावर निघण्याच्या आधीच पोचलेले दिसेल. अशा वेळी 'तारखेत घोळ आहे' म्हणून आकडा दुरुस्त करू नका. सगळ्या वेळा एका शहराच्या घड्याळावर आणा आणि मगच क्रम लावा.

'१२ एम.' म्हणजे मध्यरात्र नव्हे, भर दुपार. तारखेबरोबरचे 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे गेला महिना. ३ ऑगस्टच्या तारेत '२८ अल्टिमो' आले तर ते २८ जुलै.

कागदावरची तारीख मुद्दामही मागची टाकलेली असू शकते. १८६२ च्या उन्हाळ्यात नवे सैन्य मागायचे होते, पण सरकार हवालदिल झाले आहे असे दिसायला नको होते. म्हणून परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी न्यूयॉर्कहून तारांवर गव्हर्नरांची संमती घेतली. 'आम्हीच विनंती करतो, आणखी सैन्य बोलवा' असे गव्हर्नरांचे निवेदन प्रसिद्ध झाले, आणि त्यावर तारीख पडली २८ जून. लिंकन यांचे १ जुलैचे उत्तर आणि ३ लाख माणसांची हाक त्यावर बेतलेली आहे. फक्त निवेदन वाचले तर पुढाकार गव्हर्नरांचा वाटतो. आजूबाजूच्या तारा वाचल्या की खरा क्रम कळतो.

नावे बिघडतात ती कशी

आज शोधल्यावर जो मोर्सचा तक्ता मिळतो, तो आंतरराष्ट्रीय असतो. या तारा अमेरिकन मोर्समध्ये ठोकल्या जात. त्यात काही अक्षरांच्या पोटातच छोटी फट असते. ओ म्हणजे टिंब, फट, टिंब. सी म्हणजे दोन टिंबे, फट, एक टिंब. आर म्हणजे एक टिंब, फट, दोन टिंबे. वाय म्हणजे दोन टिंबे, फट, दोन टिंबे. फट निसटली की ओ चा आय होतो, सी आणि आर दोन्हींचा एस, आणि वाय चा एच. टी ची रेघ जरा लांबली की एल. चार टिंबे एच, पाच टिंबे पी, सहा टिंबे म्हणजे ६ हा आकडा. आणि तीन रेघा, ज्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात ओ आहेत, त्या इथे ५.

मग केंटकीचे जनरल बॉइल घ्या. बी, ओ, वाय, एल, ई. घाईत दोन फटी बुजल्या तर कागदावर बी, आय, एच, एल, ई उतरेल. अनोळखी नाव दिसले की नवा माणूस शोधू नका. आधी अक्षरे या कोष्टकात घालून पाहा, मग त्या तारखेला त्या तळावर कोण होते ते तपासा. याच कारणाने आकडे बऱ्याचदा अक्षरांत लिहीत. जिथे अंकांत आले आहेत, तिथे दुसरा पुरावा मिळेपर्यंत विसंबू नका.

सांकेतिक तार: आधी शब्द मोजा

उत्तरेच्या सैन्याची सांकेतिक पद्धत जन्मली ती गव्हर्नरांसाठीच. ओहायोचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांना इंडियाना आणि इलिनॉयच्या गव्हर्नरांशी गुप्तपणे बोलायचे होते, म्हणून वेस्टर्न युनियनचे अँसन स्टेजर यांनी ती बसवली. यात अक्षरे नव्हे, शब्द हलवतात. मजकूर ओळी-स्तंभांत मांडायचा आणि ठरलेल्या वाटेने स्तंभ वरखाली वाचत जायचे. प्रत्येक स्तंभाच्या टोकाला एक भरतीचा, निरर्थक शब्द. महत्त्वाची नावे आणि वेळा यांच्या जागी ठरलेले बदली शब्द.

१ जून १८६३ ची लिंकन यांची कर्नल लडलो यांना केलेली तार सरावाला उत्तम. पहिला शब्द 'गार्ड'. तो सांगतो, ७ ओळी, ५ स्तंभ. वाट अशी: पहिला स्तंभ खालून वर, दुसरा वरून खाली, पाचवा खालून वर, चौथा वरून खाली, तिसरा खालून वर. 'गार्ड'नंतर शब्द येतात 'अ‍ॅडम, देम, दे, अ‍ॅट, वेलँड, ब्राउन, फॉर'. हा झाला उलटा वाचलेला पहिला स्तंभ. पुढचा 'किसिंग' फेकून द्यायचा, तो भरतीचा. 'व्हीनस' म्हणजे कर्नल, 'वेलँड' म्हणजे पकडले गेले, 'ओडिसी' म्हणजे व्हिक्सबर्ग, 'नेपच्यून' म्हणजे रिचमंड, 'अ‍ॅडम' म्हणजे राष्ट्राध्यक्ष, 'नेली' म्हणजे दुपारचे साडेचार. सगळे मांडल्यावर कळते की व्हिक्सबर्गला पकडलेले 'ट्रिब्यून' वृत्तपत्राचे दोन बातमीदार रिचमंडमध्ये का अडकवून ठेवलेत, याची चौकशी लिंकन करत आहेत. चौकट पुरी करायला शेवटी 'धिस फिल्स अप' हे शब्द घातलेत. ते मजकुरात धरू नका.

उलगडा बसत नसेल तर वाट बदलत बसण्याआधी शब्द मोजा. सात ओळी अधिक एक भरतीचा शब्द, म्हणजे आठ. गुणिले पाच, चाळीस. अधिक पहिला शब्द, एक्केचाळीस. चाळीसच भरले तर एक शब्द गळलाय किंवा दोन जोडले गेलेत. 'कॅन' आणि 'नॉट' हे नेहमीचे गुन्हेगार. अर्थ जिथून तुटतो तिथे एक रिकामे घर सोडून पुढे मांडा, बहुधा जुळते.

दक्षिणेकडे व्हिजनेर पद्धत वापरत. तिथे किल्लीच्या शब्दाच्या क्रमाने एकेक अक्षर बदलते, त्यामुळे एखादे अक्षर गळले की पुढचा सगळा मजकूर कोसळतो.

सांकेतिक तारेतली चूक अधिकाऱ्याच्या माथी मारू नका. संकेत उलगडण्याची किल्ली ऑपरेटरकडे असे, जनरलकडे नसे, आणि ऑपरेटर हे सैनिक नसून नागरी नोकर होते. १८६४ च्या सुरुवातीला उत्तरेचे जनरल ग्रँट यांनी ऑपरेटर बेकविथ यांना ती किल्ली आपल्या एका अधिकाऱ्याला द्यायला लावली, तर युद्धखात्याने बेकविथ यांच्यावरच कारवाई केली. ग्रँट यांना त्यांची बाजू घ्यावी लागली.

खोटी तार, घाबरलेली तार, न आलेली तार

बंडखोर घोडदळाचे जॉन मॉर्गन यांच्याबरोबर जॉर्ज एल्सवर्थ नावाचा ऑपरेटर फिरत असे. तो वाटेतल्या तारेला आपले यंत्र जोडी, बातम्या ऐके आणि खोट्या तारा सोडी. दुसऱ्याची ठोकण्याची ढब उचलण्यात तो तरबेज होता. म्हणून जुलै १८६२ आणि जुलै १८६३ मधल्या केंटकी आणि इंडियानाच्या तारा वेगळ्या चाळणीने गाळा. एखादा हुकूम त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या वहीत नाही आणि त्याने सैन्य नेमके चुकीच्या दिशेला जाते आहे, तर संशय घ्या.

शत्रूचा आकडा म्हणून तारेत येतो तो त्या तासाची भीती असते. जुलै १८६२ मध्ये मॉर्गन यांच्याकडे निघताना सुमारे ९०० स्वार होते, पण बॉइल यांच्या हाका ऐकून लिंकन यांनी जनरल हॅलेकना तार केली, की केंटकीत पळापळ चालली आहे, तिकडे पाहा.

उत्तर आले नाही म्हणजे दुर्लक्ष केले, असेही धरू नका. १९ एप्रिल १८६१ च्या बाल्टिमोरच्या दंगलीनंतर तारा तुटल्या, पूल जाळले गेले, आणि वॉशिंग्टन काही दिवस उत्तरेपासून तुटले होते.

आकडे आणि पलटणी

देऊ केलेले, मागितलेले आणि नोकरीत दाखल करून घेतलेले, हे तीन वेगळे आकडे आहेत. १५ एप्रिल १८६१ ला मॉर्टन यांनी दहा हजार माणसे देऊ केली, पण सरकारने त्यांच्याकडे मागितल्या सहा पलटणी.

इंडियानाच्या या पलटणींचे क्रमांक सहापासून सुरू होतात, कारण पहिले पाच मेक्सिको युद्धातल्या पलटणींच्या मानार्थ राखून ठेवले होते. आणि सहावी ते अकरावी या पलटणी आधी तीन महिन्यांसाठी उभ्या राहिल्या, मग त्याच क्रमांकांनी तीन वर्षांसाठी. लू वॉलेस तर दोन्ही अकराव्या पलटणींचे कर्नल होते, त्यामुळे नावावरूनही फरक कळत नाही. तारखेवरूनच ओळखावे लागते. इंडियानापोलिसच्या 'कँप मॉर्टन' या छावणीचेही तसेच. १८६१ च्या तारेत ते नाव आले तर तिथे रंगरूट आहेत. फेब्रुवारी १८६२ नंतरच्या तारेत आले तर बहुधा दक्षिणेचे युद्धकैदी. त्या छावणीसाठी गव्हर्नर घोंगड्या मागत असतील, तर त्या कोणासाठी, हे तारीख पाहूनच लिहा.